चार वर्गांचं वर्षभराचं नियोजन जमिनीवर मांडलं तेव्हा

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यातली, वाडीवरची. पहिली ते चौथी मिळून त्या वर्षी 19 मुलं होती, पहिलीत चार, दुसरीत पाच, तिसरीत सहा, चौथीत चार, आणि आम्ही दोघं शिक्षक, मी आणि मुख्याध्यापक गुरुजी. द्विशिक्षकी शाळेत ज्यांनी काम केलंय त्यांना पुढचं सांगायला नको, एका खोलीत दोन वर्ग, एकाला गणित द्यायचं तोपर्यंत दुसऱ्याला शुद्धलेखन, मधेच खिचडीचं बघायचं, मधेच कुठली तरी ऑनलाईन माहिती आजच्या आज भरा असा मेसेज.

वार्षिक नियोजन मी नोकरीची पहिली सहा वर्षं जसं सगळे करतात तसंच केलं. जूनमध्ये व्हॉट्सॲप ग्रुपवर तयार पीडीएफ येते, महिना, घटक, तासिका, अध्ययन निष्पत्ती म्हणजे मुलाला शेवटी काय यायला हवं ते, असे रकाने असतात, ती प्रिंट काढायची, वर शाळेचं नाव घालायचं, फाईलला लावायची. पीडीएफ वाईट नसते, कुणीतरी मेहनत करून बनवलेली असते. पण ती एका वर्गाला एक शिक्षक धरून बनवलेली असते आणि पुस्तकाच्या पानांच्या क्रमाने पुढे जाते. आमच्याकडे चार वर्गांच्या चार पीडीएफ, त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही, आणि वाडीत काय चाललंय त्याच्याशी तर अजिबात नाही.

मला हे टोचायला लागलं ते फेब्रुवारी 2023 मध्ये. तिसरीला धारकता शिकवत होते, लीटर आणि मिलिलीटर. पुस्तकात जगचं चित्र, बाटलीचं चित्र, मुलं चित्राकडे बघून उत्तरं लिहितायत आणि निम्मी चुकतायत, एकाने चमच्यात 5 लीटर लिहिलं. त्याच आठवड्यात वरच्या वाडीची विहीर तळाला गेली होती आणि माझ्या वर्गातल्या दोन मुली शाळेत यायच्या आधी खालून हंडे भरून आणत होत्या. एकीला विचारलं, किती खेपा गं? ती म्हणाली, "चार खेपा बाई, पण माझी कळशी लहान, ताईची मोठी, तिच्या दोन म्हणजे माझ्या तीन." मी पुस्तक हातात धरून उभीच राहिले. जे मला शिकवायचं होतं ते पोरगी रोज डोक्यावर घेऊन येत होती, आणि मी तिला चित्रातला जग दाखवत होते.

गुरुजींना सांगितलं. ते म्हणाले, आमच्या डी.एड.ला समवाय म्हणून एक भाग होता, 1937 च्या वर्ध्याच्या परिषदेपासून आलेला, गांधीजींची नई तालीम, हाताने करायच्या कामाभोवती सगळे विषय गुंफायचे, परीक्षेला दहा मार्कांची टीप यायची. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुलांच्या परिसरातूनच शिक्षण उभं केलं हे मलाही पाठ होतं, टीप म्हणूनच. मग ठरवलं की येत्या वर्षाचं नियोजन पीडीएफवरून करायचं नाही, मे महिन्यात मी साताऱ्यातल्या माणला माहेरी जायच्या आधी चार दिवस बसायचं आणि आपलं आपण करायचं.

पहिला दिवस नुसता दिवस मोजण्यात गेला. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला 200 दिवस आणि 800 तास सांगितलेत. कालनिर्णय काढलं आणि एकेक तारीख खोडत गेलो. आणि इथेच पहिली गोष्ट कळली, की गेल्या वर्षीच्या तारखा उचलून चालत नाही. 2022 ला गणपती 31 ऑगस्टला बसले होते, 2023 ला अधिक श्रावण, त्यामुळे गणपती थेट 19 सप्टेंबरला. कोकणात गणपती म्हणजे नुसती सुट्टी नसते, आधीचा आठवडा घर सारवणं, रंग, मुंबईहून येणारी माणसं, पोरं वर्गात असली तरी मनाने घरी असतात. पीडीएफमध्ये मात्र सप्टेंबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गणिताचा सगळ्यात अवघड भाग ठेवलेला. मग आम्ही दिवसांना तीन रंग दिले, हिरवा म्हणजे मुलं नक्की येतात आणि डोकं ताजं असतं, पिवळा म्हणजे येतात पण अर्धी, आणि लाल म्हणजे सुट्टी. लावणीचे दिवस पिवळे, कापणीचे पिवळे, गणपतीच्या आधीचा आठवडा पिवळा, शिमग्याचे दिवस पिवळ्यातून लालच. हिरवे मोजले तर फक्त 131 निघाले. गुरुजी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसले. म्हणाले, बाई, नवीन आणि अवघड जे काय असेल ते या 131 मध्येच बसवायचं, बाकीच्या दिवसांत सराव, खेळ, गाणी, फेरफटका.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या. जुन्या लग्नपत्रिकांचे मागचे कोरे भाग कापले, पहिलीला लाल पेन, दुसरीला हिरवं, तिसरीला निळं, चौथीला काळं, आणि एका घटकाला एक चिठ्ठी. पहिली-दुसरीला मराठी, गणित, इंग्रजी, तिसरीला त्यात परिसर अभ्यास, आणि तोही आपल्या जिल्ह्याचा, चौथीला परिसर अभ्यासाचे दोन भाग, दुसऱ्यात शिवाजी महाराजांचा इतिहास, वर सगळ्यांना कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण. एकूण 212 चिठ्ठ्या झाल्या. वर्गातले बेंच बाहेर काढले, फरशीवर खडूने जून ते एप्रिल अकरा रकाने आखले आणि सगळं मांडलं.

उभं राहून वरून बघितल्यावर जे दिसलं ते चार फायलींत मला सहा वर्षांत दिसलं नव्हतं. मोजमाप चारही वर्गांत आहे, पहिलीत लांब-आखूड आणि कमी-जास्त, दुसरीत वीत आणि पाऊल, तिसरीत लीटर-मिलिलीटर, चौथीत रूपांतर. पण चारही वर्गांत ते वेगवेगळ्या महिन्यांत, मग मी तेच साहित्य चार वेळा काढते आणि चार वेळा आवरते! पाणी, पाऊस, झाडं, अन्न हे परिसरात आहे, मराठीच्या कवितेत आहे, इंग्रजीच्या शब्दांतही आहे, आणि प्रत्येकाचा महिना वेगळा.

मग मी उत्साहात एक चूक केली, ती सांगायलाच हवी. मी म्हणलं आपण सगळं भातशेतीभोवती बांधू, जूनला पेरणी, जुलैला लावणी, ऑक्टोबरला कापणी, सगळे विषय त्याच्यात. संध्याकाळपर्यंत चिठ्ठ्या ओढून ओढून बसवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन वाचलं तर हातच्याची वजाबाकी हातच्याच्या बेरजेच्या आधी आलेली, कारण लावणीत "किती रोपं उरली" असा प्रश्न मला सुचला होता. महाराजांच्या इतिहासात अफजलखान आधी आणि स्वराज्याची शपथ नंतर! इंग्रजीच्या पहिलीच्या बडबडगीतांना भाताची शेपटी लावलेली. गुरुजींनी एवढंच म्हणलं, की बाई, मुलांना भात दिसेल यात, पण गणित नाही दिसणार.

तिसऱ्या दिवशी सगळं उचललं आणि चिठ्ठ्यांचे तीन ढीग केले, आणि माझ्या मते पूर्ण नियोजनातलं खरं काम हेच होतं. पहिला ढीग उतरंडीचा. उतरंडीतलं मधलं मडकं काढता येत नाही, तसं संख्याज्ञान, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, अक्षरओळख ते वाचन, इतिहासाचा क्रम, हे हलवायचं नाही. दुसरा ढीग हंगामाचा, जे त्या त्या वेळेलाच डोळ्यासमोर असतं, पाऊस, पिकं, प्राणी, पाण्याचे स्रोत, सण, मोजमापाचा बराचसा भाग. तिसरा ढीग मोकळा, भौमितिक आकार, नाणी-नोटा, चित्रालेख, पत्रलेखन, संवाद, बऱ्याच कविता, कुठेही बसतात. आधी उतरंड हिरव्या दिवसांवर ठेवली, मग हंगाम त्याच्या जागी, आणि मोकळ्या चिठ्ठ्या जिथे दुसऱ्या विषयाला मदत करतील तिथे. एका महिन्यात एकच मोठा धागा, दोन नाही. पहिली-दुसरी एक जोडी आणि तिसरी-चौथी एक जोडी धरली, म्हणजे विषय चारही वर्गांचा एक, किती खोलात जायचं ते वेगळं. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत उतरवून झालं, आणि मी एसटीत बसले ते डोक्यात चिठ्ठ्या घेऊनच.

जून आला तर पाऊसच नाही. तुम्हाला आठवत असेल, 2023 चा पाऊस 11 जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि तिथेच अडकला, चक्रीवादळाने ओढ दिली होती, 25 च्या सुमाराला मुंबई आणि दिल्लीला एकाच दिवशी पोचला. आमचा जूनचा धागा पाऊस! मुलं रोज आभाळाकडे बघतायत. पण तेच बरं झालं, कारण बाटली बनवायला वेळ मिळाला.

बाटलीचं जरा सविस्तर सांगते कारण वर्षभराचं सगळ्यात चांगलं काम तिनेच केलं. दोन लीटरची कोल्ड्रिंकची बाटली घेतली, वरचा निमुळता भाग कापून उलटा त्याच बाटलीत खोचला, झालं नरसाळं. पण बुडाला त्या बाटलीला खाचा असतात, तिथे मोजता येत नाही, म्हणून बुडात बारीक खडे टाकले आणि बाटली सरळ होते तिथपर्यंत पाणी भरून रेघ मारली, तो शून्य. रेघेपासून वर कागदी पट्टी चिकटपट्टीने लावली. कौलाखाली किंवा झाडाखाली ठेवायची नाही, तर अंगणात मधोमध तीन जांभ्या दगडांच्या मधे बसवली. रोज परिपाठाआधी चौथीचं मूल वाचणार, तिसरीचं फळ्यावर लिहिणार, दुसरीचं मोठ्याने सांगणार, पहिलीचं बाटली रेघेपर्यंत रिकामी करून परत जागेवर ठेवणार.

पाऊस सुरू झाल्यावर पाचव्या-सहाव्या दिवशी चौथीतल्या एकाने वाद काढला. बाई, बाटलीचं तोंड एवढंसं, त्यात कमी पाऊस पडतो, मोठा डबा ठेवला तर जास्त भरेल. मी उत्तर दिलं नाही. खिचडीच्या तेलाचा सरळ उभा पत्र्याचा डबा होता, तो वरून पूर्ण कापून घेतला आणि बाटलीशेजारी ठेवला, आणि एका पोराने घरून बादली आणली तीही ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शाळा भिजत बाहेर. बाटलीत 42 मिलिमीटर, डब्यात पट्टी बुडवली तर तेवढेच, एखाद्या मिलिमीटरचा फरक. बादलीत मात्र जास्त. पोरं गप्पच! मग एकेक बोलायला लागलं, की डब्यात पाणी जास्त आहे पण ते पसरलंय, तोंड मोठं म्हणून पाणी जास्त आणि बूडही तेवढंच मोठं म्हणून उंची तेवढीच, आणि बादली खाली निमुळती म्हणून तिच्यात उंची वाढली. हे तिसरी-चौथीच्या मुलांनी स्वतः शोधलं, अर्धा तास लागला, मी फक्त छत्री धरून उभी होते. क्षेत्रफळाचं नाव अजून कुणी काढलेलं नव्हतं आणि त्यातलं मर्म हाताशी आलं होतं.

त्याच आकड्यांवर मग सगळे वर्ग चालले. पहिलीने जेवढे सेंटीमीटर तेवढे थेंब काढले. दुसरीने दोन दिवसांची बेरीज केली, आणि त्यांच्याकडे 42 ला कुणी बेचाळीस म्हणायचं, कुणी चाळीस दोन, 2019 पासून पुस्तकात दोन्ही आहे, मला स्वतःला ते आवडतं कारण चाळीस दोन म्हणणारं मूल 24 लिहीत नाही, पण घरी आजीला बेचाळीसच कळतं म्हणून दोन्ही म्हणून घेते. तिसरीने आठवड्याचा चित्रालेख केला, चौथीने मिलिमीटरचे सेंटीमीटर. मराठीला पावसाचे शब्द गोळा केले, सर, झड, भुरभुर, पिरपिर, मुसळधार, आणि कुठल्या शब्दाला साधारण किती मिलिमीटर यावर जोरदार भांडण झालं. जुलैत एक दिवस बाटली काठोकाठ भरून वाहून गेली, तेव्हा काय लिहायचं? चौथीने ठरवलं, "बाटलीपेक्षा जास्त" असं लिहायचं, खोटा आकडा लिहायचा नाही.

माझं माहेर माणमधलं, तिथे वर्षाला 500 मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, आमच्या या भागात 3000 च्या पुढे. माझ्या भाचीच्या शाळेत तशीच बाटली ठेवायला लावली आणि मुलांची पत्रं सुरू झाली, पत्रलेखनाची मोकळी चिठ्ठी इथे कामी आली. ऑगस्टमध्ये पाऊस गेला तो गेलाच, देशात 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला तो. आमच्या फळ्यावर 0, 2, 0, 0, 3 असे आकडे. पहिलीच्या पोराने एक दिवस काहीच सांगितलं नाही, म्हणाला पाऊस नाही तर काय सांगू. तिसरीची पोरगी म्हणाली, अरे नाही हे पण सांगायचं असतं, नाहीतर कळणार कसं की आपण बघायलाच विसरलो? शून्य शिकवायला मी आजवर रिकाम्या ताटल्या दाखवायचे. आणि माणहून पत्र आलं, "आमच्या बाटलीत अजून काही नाही, टँकर आला." ते वाचून वर्गात कुणी काही बोललं नाही, मग एकाने विचारलं, बाई आपलं पाणी तिकडे पाठवता नाही येणार का?

सगळंच असं झालं नाही. पुस्तकं त्या वर्षीपासून चार भागांत आली होती, एका भागात सगळे विषय आणि मधे वहीची कोरी पानं. दप्तर हलकं झालं हे खरं, पण मी जुलैत जो घटक घेतला तो पुढच्या भागात छापलेला, मग ते भाग शाळेतच कपाटात ठेवून लागतील तसे काढून द्यावे लागले. भेटीला आलेल्या साहेबांना वाटलं आम्ही क्रम चुकवलाय, रागावले थोडे. त्यानंतर नियोजनात एक जादा रकाना घातला, कुठली निष्पत्ती कुठल्या महिन्यातून कुठे नेली आणि का, एका ओळीत. पुढच्या भेटीत तो रकाना वाचून त्यांनी काही विचारलं नाही.

पण खरा फटका ऑक्टोबरच्या शेवटी बसला. संकलित चाचणीचा पेपर वरून येतो, तिसरीच्या गणितात जो भाग मी मोकळा म्हणून दुसऱ्या सत्रात ढकलला होता त्याच्यावर प्रश्न आले. सहाच्या सहा मुलांचे ते प्रश्न गेले. एक मुलगी रडली, तिला वाटलं आपण विसरलो. तिला सांगितलं, बाळ, तू विसरली नाहीस, मी शिकवलंच नव्हतं. घरी जाऊन रात्री झोप नाही आली मला. तेव्हापासून नियम केला, मराठी, गणित, इंग्रजीचा घटक पुढून मागे आणायला हरकत नाही, पण पहिल्या सत्रातला दुसऱ्यात ढकलायचा नाही.

कापणीच्या पिवळ्या दिवसांत एका मुलाची आजी पायली आणि शेर घेऊन आली, वर्गात बसून चार शेरांनी पायली भरून दाखवली, वीस मणांची खंडी सांगितली. शाळेच्या काट्यावर भाताची पायली आणि तांदळाची पायली तोलली तर भाताची हलकी. पायली तेवढीच मग वजन कमी कसं? एकाने भाताचा दाणा दातात फोडला आणि तूस हातावर ठेवलं, "बाई, यात हवा आहे." धारकता आणि वस्तुमान वेगळं असतं हे वाक्य मला म्हणावं लागलं नाही. डिसेंबरात तिसरीचा जिल्ह्याचा नकाशा आणि चौथीचा गड-आरमाराचा पाठ एकत्र धरून हर्णैला सहल नेली, किनाऱ्यावरून सुवर्णदुर्ग दाखवला, आल्यावर चारही वर्गांनी आपापल्या वकुबाप्रमाणे लिहिलं, पहिलीने नुसती होडी काढली. इंग्रजी मात्र अजून नीट गुंफलं जात नाही माझ्याच्याने, रेनी, क्लाउडी, सनी याच्या पुढे ते जात नाही, त्याला त्याची वेगळी रोजची तासिकाच लागते असं माझं आता मत झालंय.

गुरुजी गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी नवीन सर आलेत, विदर्भातले, भात कसं लावतात हे त्यांनी इथेच पहिल्यांदा बघितलं. 2025 च्या जूनपासून पुस्तकं परत विषयवार आलीत, पहिलीचा अभ्यासक्रम तर पूर्ण नवीन, म्हणजे लाल पेनाच्या सगळ्या चिठ्ठ्या बाद. परवा दोघांनी बेंच बाहेर काढले आणि फरशीवर रकाने आखले. सर खाली बसून पहिलीच्या नवीन चिठ्ठ्या कापत होते, आणि आता चौथीत गेलेली एक पोरगी सुट्टीत उगाचच शाळेत डोकावली होती, ती दारातून म्हणाली, बाई, बाटलीची पट्टी निघालीय, मी दुसरी लावू का? मग तिने पट्टी लावली, पण चुकून बुडापासून लावली, परत काढली आणि खडे टाकून पाणी भरायला टाकीवर गेली. मार्चच्या रकान्यात शिमग्याची जागा आम्ही तूर्त रिकामी ठेवलीय, पालखी येईल त्या दिवसांत वाडीतल्या ढोलवाल्यांकडून काही घेता येतंय का ते त्यांच्याशी बोलून ठरवायचंय.